राय म्हणजे राई नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जर्मन नाश्त्यावर अर्धं पान छापलं होतं, त्याबद्दल लिहून राहिलो. पत्र लांबलं आहे मला माहीत आहे, जागा नसेल तर कापा, पण राईवाला मुद्दा तेवढा कापू नका. त्या लेखात "जर्मन लोक राईच्या पिठाचा ब्रेड खातात" असं छापून आलं आणि सोमवारी सकाळीच आमच्या शेजारच्या वहिनी घरी येऊन विचारू लागल्या की भाऊ, मोहरी दळायची ती काळी का पिवळी. त्यांनी पेपरवर विश्वास ठेवला, त्यांची काय चूक. साहेब, राय हे धान्य आहे, गव्हाच्या गोतातलं, दाणा गव्हापेक्षा लांबट, बारीक आणि थोडा हिरवट करडा, जर्मनीत त्याला रॉगेन म्हणतात. फोडणीतल्या राईशी त्याचा काही संबंध नाही. पुढच्या रविवारी दोन ओळींचा खुलासा नक्की टाका, नाहीतर कोणीतरी खरंच मोहरीचं पीठ मळून बसेल.

आता मी कोण सांगणारा, तर मी कोराडीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेला माणूस. मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत म्युन्स्टरला असतो. म्युनिक नाही, म्युन्स्टर, लोक नेहमी गल्लत करतात. म्युनिक खाली दक्षिणेला बव्हेरियात आणि म्युन्स्टर वर वायव्येकडे वेस्टफालियात, दोन्हीचं खाणं वेगळं, बोलणंही वेगळं. आम्ही दोघं नवराबायको दोनदा जाऊन तीन तीन महिने राहून आलो, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा ऐन डिसेंबरात, जेव्हा सकाळचे आठ वाजले तरी बाहेर काळोख असतो. खालच्या मजल्यावर घरमालकीण बाई एकट्याच राहतात, जन्म १९४६ चा. माझी नात त्यांना ओमा म्हणते, म्हणजे आजी, म्हणून आम्ही पण ओमाच म्हणायला लागलो. दर रविवारी त्या आम्हाला नाश्त्याला खाली बोलवायच्या. मी जे लिहून राहिलो ते सगळं त्या टेबलावर शिकलेलं आहे.

तुमच्या लेखात सॉसेज, बिअर आणि म्युसली, म्हणजे भिजवलेल्या ओट्स-फळांचा प्रकार, हे तीनच पदार्थ मोठ्या फोटोसकट होते. ब्रेडवर एक ओळ, तीही चुकलेली. आणि तिथला नाश्ता म्हणजे आधी ब्रेडच हो. नाश्त्याला त्यांचा शब्दच आहे फ्रुश्टुक, फ्रु म्हणजे लवकर, श्टुक म्हणजे तुकडा, पहाटेचा तुकडा, आणि तुकडा कशाचा तर ब्रेडचा. टेबलावर बाकी जे काय असतं, लोणी, चीज, हॅम, लिव्हरचं सॉसेज, मध, जॅम, ते सगळं ब्रेडवर लावायला असतं. ताटल्या पण नसतात बऱ्याच घरी, प्रत्येकाच्या समोर एक छोटी लाकडी पाटी, आपल्या पोळपाटासारखी पण चौकोनी, त्यावरच कापायचं, त्यावरच लावायचं, त्यावरूनच खायचं. आमच्या मिसेसला ती पाटी इतकी आवडली की येताना दोन घेऊन आली.

रविवारी तिथं सगळी दुकानं बंद असतात, मोठे मॉल सुद्धा, पण बेकरी सकाळी काही तास उघडी. मग घरातला एक माणूस जाऊन कागदी पिशवीत गरम छोटे पाव आणतो, ब्रोटशेन म्हणतात त्याला, म्हणजे छोटा ब्रेड. वरून कडक, आतून मऊ. मधून आडवा कापायचा आणि दोन्ही भाग वेगवेगळे लावून खायचे, एकावर चीज तर दुसऱ्यावर जॅम, सँडविचसारखं बंद करायचं नाही. पहिल्या दिवशी मी बंद करून खाल्लं तर ओमांनी हळूच उघडून दाखवलं. आणि ह्याच पावाला बर्लिनला श्रिपे म्हणतात, हॅम्बुर्गला रुंडश्टुक, म्युनिकला झेमेल आणि श्टुटगार्टकडे वेक्ले. आपण नागपूरचे लोक कोथिंबिरीला सांबार म्हणतो अन् पुण्यात जाऊन सांबार मागितला की समोर इडलीवाला सांबार येतो ना, तसंच.

ही बेकरीवाली मंडळी रात्री दोन तीनला उठून कामाला लागतात. मी कित्येक वर्षं नाईट शिफ्ट केली आहे, पहाटे तीनला शरीर काय म्हणते ते मला कळतं, म्हणून मी ह्याची चौकशी केली. तर १९१५ पासून १९९६ पर्यंत तिथं रात्री बेकिंग करायला कायद्याने बंदीच होती, कामगारांच्या झोपेसाठी. ऐंशी वर्षं! आता ती बंदी उठली, पण छोट्या बेकऱ्याच कमी होऊन राहिल्या. पन्नासच्या दशकात एकट्या पश्चिम जर्मनीत पन्नास हजाराच्या वर बेकऱ्या होत्या, आता अख्ख्या देशात मिळून दहा हजाराच्या आसपास उरल्या. सुपरमार्केटमध्ये मशिनीत गरम केलेले फ्रोझन पाव स्वस्त मिळतात, कोण थांबते. ओमा मात्र त्यांच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतूनच घेतात, गुडघे दुखत असले तरी चालत जाऊन.

पण ब्रोटशेन झाला रविवारचा लाड. रोजचा ब्रेड वेगळा, तो काळपट, जड, आंबूस, आणि मोठी दोन किलोची लादी आणून आठवडाभर पुरवायची. तो रायचा. आता ह्या रायची गंमत सांगतो कारण माझं पत्र खरं तर ह्याच्यासाठीच आहे.

गव्हाचं पीठ मळलं की ताणलं जातं, रबरासारखं, त्यामुळे यीस्टची हवा आत धरून ठेवते आणि पाव फुगतो. रायचं पीठ ताणतच नाही, चिकट चिखल होतो. वरून त्याच्यात एक एन्झाइम असं जोरदार असतं की भट्टीत शिजता शिजता स्टार्च तोडून टाकतं आणि ब्रेड आतून गिचका राहतो. मग जुन्या लोकांनी काय केलं, तर पीठ आंबवलं. आंबटपणा आला की ते एन्झाइम मंदावतं, पीठ धरून राहतं, ब्रेड नीट भाजला जातो आणि शिवाय आठवडाभर बुरशी येत नाही. आंबवण्यासाठी कालच्या पिठाचा एक गोळा मागे ठेवायचा, आज त्यात नवीन पीठ पाणी घालायचं, उद्यासाठी परत गोळा मागे. दह्याचं विरजणच म्हणा ना. ओमांच्या फ्रीजमध्ये काचेच्या बरणीत ते विरजण होतं, त्यांच्या आईच्या हातचं चालत आलेलं, असं त्या सांगतात.

आणि राय हे श्रीमंतांचं धान्य कधीच नव्हतं. उत्तरेकडच्या थंड, रेताड, हलक्या जमिनीत गहू नीट यायचा नाही, तिथं राय तग धरायची, म्हणून गरीब शेतकरी राय खायचा आणि पांढरा गव्हाचा पाव म्हणजे सणावाराचा, पैसेवाल्यांचा. वेस्टफालियातला पुंपरनिकेल नावाचा ब्रेड तर ह्या प्रकाराचा कळस आहे, जाड भरडलेली राय डब्यात भरून मंद आचेवर कमीत कमी सोळा तास ठेवायची, कित्येक ठिकाणी चोवीस तास. साखरेचा दाणा न घालता तो गोडसर होतो आणि रंग एकदम काळा, आपल्या काळ्या मातीसारखा. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला अजिबात आवडला नाही, खरं सांगतो, ओला लाकडाचा भुसा खाऊन राहिलो असं वाटलं. तिसऱ्या चौथ्या दिवशी वरून लोणी आणि खारट चीज लावून खाल्ला तेव्हा समजला. त्यानंतर तीन महिने मी दुसरा ब्रेड मागितला नाही.

हा गरिबांचा ब्रेड त्यांनी टाकला नाही साहेब. पैसा आला, गहू मुबलक झाला, तरी राय टेबलावरून हलली नाही. आज तिथं तीन हजाराच्या वर ब्रेडचे प्रकार नोंदवलेले आहेत आणि २०१४ मध्ये त्यांनी आपली ब्रेडची परंपरा देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली, म्हणजे संगीत, नाच, कारागिरी ज्या यादीत असते त्या यादीत. नियम पण पक्के आहेत. रायचा ब्रेड असं नाव द्यायचं तर धान्यात नव्वद टक्के राय पाहिजे. अख्ख्या धान्याचा ब्रेड म्हणायचं तर नव्वद टक्के अख्खं धान्यच पाहिजे. इथं आपण तब्येतीसाठी म्हणून ब्राउन ब्रेड आणतो आणि पाकीट उलटून बघितलं तर बऱ्याचदा पहिलं नाव मैद्याचं आणि खाली कुठंतरी कॅरमलचा रंग लिहिलेला असतो. मी डॉक्टरच्या सांगण्यावरून दोन वर्षं तसा रंगवलेला मैदा खाल्ला, पाकीट वाचायची सवय मला ओमांनी लावली.

आता ज्वारी आठवा. ज्वारीचं पीठ पण ताणत नाही, म्हणून आपण उकळतं पाणी घालून मळतो आणि थापतो. ज्वारी पण कमी पाण्यात येते. ज्वारी पण गरिबाचं धान्य. आमचं गाव काटोलकडे, वडिलांच्या शेतात ज्वारी असायची, माणसाला दाणा आणि बैलाला कडबा, एका पिकात दोन पोटं. मग सोयाबीन आलं, त्याचे पैसे रोख, ट्रॅक्टर आले, बैल गेले, कडबा कोणाला पाहिजे. ज्वारी पेरणारे थोडे उरले की सगळ्या गावची पाखरं त्याच एका वावरावर तुटून पडतात, मग तो पण सोडतो. मी आमच्या गावात हे डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि घरात काय झालं, तर भाकर आमच्या आईच्या काळात तिन्ही त्रिकाळ होती, माझ्या लग्नानंतर आठवड्यातून दोनदा झाली, आता मुलांच्या पिढीत झुणका भाकर म्हणून हॉटेलात जाऊन खायची गोष्ट झाली. सकाळच्या नाश्त्याला ज्वारीच्या कण्या, आंबील, उकडपेंडी हे असायचं, तर्री पोहे माझ्या पण जिवाचे आहेत, सकाळी फिरून आलो की मी खातो, पण कण्या कुठं गेल्या?

ओमांशी ह्याच्यावर बोलणं निघालं ते एका तुकड्यावरून. नातीने ब्रेडची कड टाकून दिली होती. ओमांनी काही न बोलता ती उचलली, लोणी लावलं आणि स्वतः खाल्ली. मुलगा मध्ये बसून दोघांचं बोलणं समजावून सांगत होता. त्यांचा जन्म झाला त्याच वर्षीचा हिवाळा, १९४६-४७ चा, जर्मनीत उपासमारीचा हिवाळा म्हणून ओळखला जातो, भयंकर थंडी, कोळसा नाही, रेशनवर धान्य नाही. त्यानंतर बाहेरून आलेल्या मक्याचा पिवळा ब्रेड मिळायचा, भुगा व्हायचा हातात, आई सांगायची असं त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या आईनं तिच्या आईकडून ऐकलेलं त्याच्याही आधीचं, पहिल्या महायुद्धात ब्रेडमध्ये बटाटा मिसळायचे आणि १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाटा पण संपला तेव्हा जनावरांचा सलगमासारखा कंद खाऊन लोक जगले.

मी तेव्हा त्यांना मिलो सांगितला. १९७२ चा दुष्काळ, मी बारा वर्षांचा. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली होती, मिलो म्हणायचे त्याला, त्याची भाकर लालसर, थापताना चिरायची, चव काही नाही, पण आई म्हणायची खा बापू, आहे ते आहे. शाळेत सुकडी मिळायची. रोजगार हमीच्या खडी फोडायच्या कामावर आई वडील दोघंही जायचे. ही गोष्ट मी माझ्या मुलाला पण त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितली, तो भाषांतर करता करता थांबला. ओमांनी उठून माझ्या पाटीवर अजून एक तुकडा ठेवला. ह्याच्यापुढे मला त्या दिवसाचं लिहिता येत नाही.

बाकी पदार्थ थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या वाचकांना घरी करायचे असतील तर अर्धे तर घरात आहेतच. क्वार्क म्हणून एक पांढरा प्रकार असतो, दुधाला विरजण लावून पाणी काढून टाकलेला, तुमच्या लेखात त्याला क्रीम चीज म्हटलं आहे. साहेब, तो खायला जवळपास आपला चक्का आहे. आमच्या मिसेसनं पहिल्या चमच्यालाच ओळखला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं श्रीखंड करून ओमांना दिलं. हाच क्वार्क पूर्वेकडच्या लाउझिट्स भागात उकडलेल्या बटाट्यासोबत जवसाचं तेल टाकून खातात, आणि जवसाचे दाणे तर त्यांच्या कित्येक ब्रेडवर लावलेले असतात. विदर्भात जवसाची चटणी कोणाच्या घरी नाही? कच्च्या जवसाच्या तेलाला जो कडवट खमंग वास येतो तो मला म्युन्स्टरच्या थंडीत आला आणि एकदम आजी आठवली, ती भाकरीवर जवसाचं तेल अन् तिखट मीठ घालून द्यायची.

ऱ्हाइन नदीकडच्या भागात बीटापासून केलेलं एक घट्ट काळं पाक असतं, ऱ्युबेनक्राउट, लाल बीट नव्हे, साखर काढतात ते पांढरं बीट. शिजवून, पिळून, आटवून करतात, म्हणजे काकवी, फक्त ऊसाच्या जागी बीट. रायच्या ब्रेडवर क्वार्क आणि त्यावर हा पाक, हे मी रोज खाऊ शकतो.

रविवारी अंडं असतं, अर्धवट उकडलेलं, कपात उभं ठेवायचं, वरचं टोपण फोडायचं आणि चमच्याने खायचं. चमचा चांदीचा चालत नाही, अंड्यातल्या गंधकाने काळा पडतो. थंड होऊ नये म्हणून अंड्यावर लोकरीची टोपी घालतात, ओमांनी स्वतः विणलेल्या होत्या, आपल्या तान्ह्या पोरांच्या टोपऱ्यासारख्या. कॉफी फिल्टरची, मोठा थर्मास भरून. तो कागदाचा फिल्टर ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ ह्या गृहिणीने शोधला, कॉफीचा गाळ दातात यायचा म्हणून पितळेच्या भांड्याला खाली भोकं पाडून पोराच्या वहीतला टीपकागद त्यात घातला आणि १९०८ मध्ये त्याची नोंदणी करून घेतली. हे तुमच्या पुरवणीत यायला पाहिजे होतं, बायका वाचतात तुमची पुरवणी.

आता बिअरचं. सकाळी बिअर आणि पांढरं सॉसेज ही बव्हेरियाची, मुख्यतः म्युनिकची चाल आहे, तेही रोज नाही. त्या सॉसेजला वाइसवुर्स्ट म्हणतात, वासराचं मांस, पार्सली, लिंबाची साल घालून करतात, १८५७ मध्ये म्युनिकच्या मारियेनप्लाट्झ चौकात पहिल्यांदा झालं असं सांगतात. फ्रीज नव्हते, पहाटे केलेलं दुपारपर्यंत खराब व्हायचं म्हणून बाराचे घंटे व्हायच्या आत संपवायचं. सोबत गोड मोहरीची चटणी आणि प्रेट्झेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा खारट पाव. (बघा, मोहरी इथं आहे, ब्रेडमध्ये नाही.) त्यावरून अख्खे जर्मन लोक सकाळी बिअर पितात असं लिहिणं म्हणजे नागपुरात सगळे सकाळी सावजी मटण खातात असं लिहिण्यासारखं झालं. म्युन्स्टरला सहा महिन्यात मी सकाळी टेबलावर बिअर एकदाही पाहिली नाही. मेट नावाच्या डुकराच्या कच्च्या खिम्याचा पाव मात्र पाहिला, वर कच्चा कांदा, तो त्याच दिवशी केलेला आणि विकलेला लागतो, मी सावजी खाणारा माणूस आहे पण तो मला जमला नाही.

आणि म्युसली जर्मन नाहीच, स्विस आहे. झुरिकच्या डॉक्टर बिर्खर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास आपल्या पेशंटसाठी केली, त्यात मुख्य होतं सालीसकट किसलेलं सफरचंद, ओट्स फक्त एक चमचा भिजवलेले. तुम्ही त्याच्याखाली जे पाकिटाचं चित्र छापलं त्यात सफरचंद कुठंच नाही.

माझी मागणी एवढीच आहे की वाचकांना जर्मन नाश्ता घरी करा म्हणून सांगायचंच असेल तर मैद्याचा ब्रेड भाजून त्यावर महागातलं चीज लावायला सांगू नका. राय इथं सहज मिळत नाही, पण तिची जागा घेणारी ज्वारी आपल्या इतवारी बाजारात मिळते. दुसऱ्या वेळी जाताना आम्ही तीन किलो ज्वारीचं पीठ नेलं होतं. डिसेंबरातल्या एका रविवारी मिसेसनं ओमांच्या स्वयंपाकघरात लोखंडी पॅनवर भाकरी केल्या, पॅनला कडा असल्यामुळे उलटायला त्रास झाला पण दोन चांगल्या फुगल्या. ओमांनी भाकर लाकडी पाटीवर घेतली, वरून क्वार्क, त्यावर बीटाचा पाक, आणि शेवटच्या तुकड्याने पाटीवर सांडलेलं पुसून घेतलं. मग चष्मा लावून नाव विचारलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत त्यांच्या लिपीत लिहून ठेवलं, ज्वारी, भाकर.

कृती छापायची असेल तर मिसेस लिहून द्यायला तयार आहे, पाणी किती उकळायचं, पीठ किती वेळ रगडायचं, तव्यावरच्या भाकरीवरून पाण्याचा हात कधी फिरवायचा सगळं. पीठ ताजं दळलेलं पाहिजे, पंधरा दिवसांच्या वर जुनं झालं की भाकर चिरते, तेवढं मात्र ठळक अक्षरात छापा.

आपला नेहमीचा वाचक,
मानेवाडा, नागपूर